येअ, येय, यप आणि अंहं: सारखे ऐकू येणारे बोलीतले इंग्रजी शब्द, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवताना हे प्रश्न सतत येत राहतात. कोणी पिंपळगावहून द्राक्षं युरोपला पाठवतं आणि तिकडच्या खरेदीदाराचा व्हॉइस मेसेज आला की अडकतं, कोणाचं गंगापूर धरणाकडे होमस्टे आहे, कोणी अंबडच्या कंपनीतून रोज रात्री परदेशी टीमसोबत कॉलवर असतं, आणि बाकी कॉलेज रोडवरची पोरं-पोरी आहेतच ज्यांना सिरीजमधलं अर्धं कळतं नि अर्धं सुटतं. ग्रामर बऱ्यापैकी येतं सगळ्यांना, अडतं ते छोट्या छोट्या आवाजांवर. यातले निम्मे शब्द फक्त कानासाठी आहेत बरं का, ऐकून कळले पाहिजेत, तोंडातून काढलेच पाहिजेत असं काही नाही.

१. येअ, येय, येप, यप, या... सगळ्यांचा अर्थ "हो"च ना?

नाही, एक त्यातला नाही. "येअ" म्हणजे वाय-ई-ए-एच, हा साधा बोलण्यातला होकार, तोंड उघडं राहूनच संपतो. "येय" म्हणजे वाय-ए-वाय, हा "डे"सारखा वाजतो आणि तो होकार नाहीच, तो आनंद आहे, आपण "हुर्रे" म्हणतो तसा. टाइप करताना लोक इथेच फसतात, समोरच्याने विचारलं शुक्रवारपर्यंत पाठवाल का आणि तुम्ही "येय" लिहिलं तर त्याला वाटतं हे शुक्रवारच्या नावाने नाचतायत.

येप आणि यप एकच. शेवटी ओठ मिटतात आणि "प" पूर्ण फुटत नाही. "हो, झालं, पुढे बोला" असा तुकडा आहे तो, मित्राला ठीक, पण मोठ्या साहेबाने काही विचारलं आणि नुसतं "यप" म्हटलं तर जरा उडवून लावल्यासारखं वाटतं. "या" आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेर वाय-ए असं लिहिलेलं दिसलं तर बऱ्याचदा तो "यू"चा घसरलेला उच्चार असतो, "सी या" म्हणजे भेटू पुन्हा. म्हणून लिहायचंच असेल तर पूर्ण येअ लिहा.

२. वाय-ई-ए एवढंच लिहिलेलं असतं, शेवटी एच नसतो, ते चुकून राहिलेलं असतं का?

कधी चुकून, कधी मुद्दाम. तो वेगळा जुना शब्द आहे, उच्चार "येय", आणि अर्थ मात्र "हो". जुन्या बायबलच्या इंग्रजीत सापडेल आणि अमेरिकन सिनेटमध्ये मत देताना आजही येय आणि नेय असतं. आपल्या संसदेत ब्रिटिश पद्धत आहे, तिथे "आय" आणि "नो". अधिवेशनाचं लाइव्ह बघताना सभापती "द आयेज हॅव इट, द आयेज हॅव इट" म्हणतात ते ऐकलं असेल, त्यात डोळ्यांचा काही संबंध नाही, होकारवाल्यांची बाजू जिंकली एवढाच अर्थ. हाच "आय" स्कॉटलंडमध्ये रोजच्या बोलण्यातला "हो" आहे. जहाजावर दोनदा "आय आय" म्हटलं की हुकूम कळला आणि आत्ता करतो.

अजून एक, हाताने उंची दाखवत "येय हाय" म्हणतात, म्हणजे "एवढं उंच". आनंदाचा येय नाही तो.

३. मॅडम, मी फोनवर "अंहं" म्हणते आणि समोरचा "हो" समजून पुढे जातो. असं का होतं?

हा माझ्या मते या यादीतला सगळ्यात महाग पडणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

मराठीत "हं" म्हणजे हो आणि "अंहं" किंवा "ऊंहूं" म्हणजे नाही. लहानपणापासून आपल्या घशात हे बसलंय, औषध घेतलंस का, अंहं. इंग्रजीत बरोब्बर उलटं आहे. मधे "ह" असलेला दोन तुकड्यांचा आवाज, "अह-हं", हा तिकडे होकार आहे. तोंड मिटून "म्म्-हं" केलं तरी होकारच. त्यांचा नकार आहे "अ-अ", त्यात मधे "ह" नसतो, दोन "अ"च्या मधे घसा क्षणभर बंद होतो, आणि आवाज पहिल्यावर वर असतो नि दुसऱ्यावर खाली पडतो. होकारात तो शेवटी वर चढतो.

म्हणजे आपला नकार त्यांच्या होकाराला जवळजवळ जुळा आहे. समोरासमोर असताना आपण मान हलवतो म्हणून निभावून जातं (आपल्या मान डोलावण्याचा गोंधळ वेगळा, तो विषय आत्ता नको), फोनवर मान दिसत नाही. कंटेनर सोमवारी लोड केला तर चालेल का, असं विचारलं आणि तुम्ही मनापासून "अंहं" म्हणालात, तर तिकडे सोमवारचं बुकिंग झालं समजा.

उपाय साधा आहे, कॉलवर हे घशातले आवाज काढूच नका. येस किंवा नो, पूर्ण शब्द, आणि त्याच्या मागे छोटं वाक्य, "नो, मंडे वोन्ट वर्क". ऐकताना मात्र कान "ह"वर ठेवा, "ह" आला तर हो, घसा अडला तर नाही.

याच कुटुंबात "अ-ओ" आहे. घसा तसाच अडतो, पण दुसरा तुकडा "ओ" असतो. त्याचा अर्थ "मेलो, काहीतरी बिघडलं". कस्टमरने बॉक्स उघडून अ-ओ म्हटलं तर ते कौतुक नाही.

४. "हं?" म्हणजे काय? तो चिडलाय का?

बहुतेक नाही. शेवट वर चढवून "हं?" किंवा "हा?" असं आलं की त्याला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. आपण "आं?" म्हणतो तेच. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या खंडांतल्या ३१ भाषा तपासून २०१३ मध्ये दाखवलं की हा आवाज जवळपास सगळीकडे सारखाच आहे, आणि त्यावर त्यांना २०१५ चं इग नोबेलही मिळालं, म्हणजे ते हसवून मग विचार करायला लावणारं बक्षीस.

पण शेवट खाली पडला, "हं." असा, तर तो "अच्छा, असं आहे होय" आहे, कधी थोडा अविश्वासही असतो त्यात. आपण मराठीत समोरचा बोलत असताना मधेमधे "हं... हं..." करत राहतो ते इंग्रजी कानाला विचित्र लागतं, दर दोन शब्दांनी हा काय विचारतोय असं वाटतं. त्याजागी येअ किंवा राइट.

५. अम्, अह्, एर, अर्म... हे शब्द आहेत का नुसते आवाज?

विचार करताना जागा धरून ठेवायचे आवाज, आपलं "म्हणजे... ते हे... काय म्हणतात त्याला" आहे ना, तसेच. गंमत फक्त ई-आर लिहिलेल्याची. ब्रिटिश लेखक "अह्" हाच आवाज ई-आर असा लिहितात कारण त्यांच्याकडे शेवटचा "र" उच्चारतच नाहीत, आणि आपली मुलं तो मोठ्याने "एर्रर्र" वाचतात. अमेरिकन लिहितात यू-एच. आवाज तोच. आणि यू-जी-एच म्हणजे "अग्ह", तो मात्र वैतागाचा, जागा धरणारा नाही.

६. गॉना, वॉना, गॉटा. तिन्ही मला एकच ऐकू येतात. फरक काय?

गॉना म्हणजे गोइंग टू, होणार आहे किंवा करणार आहे. वॉना म्हणजे वॉन्ट टू, करायचंय. गॉटा म्हणजे हॅव गॉट टू, करावंच लागेल. "आय अॅम गॉना कॉल" मी फोन करणारे, "आय वॉना कॉल" मला करायचाय, "आय गॉटा कॉल" करावाच लागणारे. मराठीत सुद्धा आपण "करणार आहे"चं "करणारे" करतोच की, बोलताना झिजतं सगळं.

कानाला ओळखायची खूण: गॉना आणि वॉनामध्ये "न" आहे, गॉटामध्ये नाही. आणि अमेरिकन माणूस गॉटामधला "ट" इतका हलका मारतो की तो चक्क "गाडा" ऐकू येतो. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने खरंच विचारलं होतं मला की हा सारखा गाडा गाडा काय करतोय.

गॉटा कधीकधी "गॉट अ" पण असतो, "आय गॉटा मीटिंग" म्हणजे माझी मीटिंग आहे. पुढे क्रियापद आलं तर करावं लागेल, नाम आलं तर माझ्याकडे आहे. वॉनाचंही तसंच, "वॉना कॉफी?" म्हणजे कॉफी हवी का.

७. "आय अॅम गॉना पुणे" चालेल का? गोइंग टू पुणे म्हणायचंय.

नाही चालणार. गॉना फक्त क्रियापदाच्या आधी येतो. जागेचं नाव असेल तर गोइंग टू पूर्णच म्हणायचं, तिथे तो झिजत नाही. "आय अॅम गॉना गो टू पुणे" चालेल. आणि "आय अॅम" सोडू नका, गाण्यांमध्ये सोडतात म्हणून "आय गॉना" करू नका.

८. वॉना कुठे अजिबात वापरत नाहीत?

दोन ठिकाणी. एक सोपं, ही किंवा शी असेल तर "वॉन्ट्स टू" असतं, त्यातला "स" मधे येतो, म्हणून "शी वॉना गो" चुकीचं.

दुसरं थोडं किचकट पण मला फार आवडतं. "हू डू यू वॉना इन्व्हाइट?" चालतं, कोणाला बोलवायचंय तुला. पण "हू डू यू वॉन्ट टू विन?", म्हणजे कोणी जिंकावं असं तुला वाटतं, इथे बहुतेक इंग्रजी माणसं वॉना करत नाहीत. कारण इथे इच्छा तुझी आणि जिंकणारा दुसराच कोणीतरी, त्या दुसऱ्याची जागा वॉन्ट आणि टूच्या मधे रिकामी राहिलेली असते आणि जीभ ती जागा मिटवायला तयार होत नाही. इच्छा करणारा आणि काम करणारा एकच असेल तर वॉना, एवढं धरून चाला. त्यांना स्वतःला हा नियम कोणी शिकवत नाही, विचारलं तर सांगता पण येणार नाही, पण चुकलं तर कान टवकारतात.

९. "यूस्टू" आणि "यूझ्ड टू" स्पेलिंग एकच, मग उच्चार दोन का?

अर्थ दोन म्हणून. "आय यूस्टू लिव्ह इन सातपूर" म्हणजे पूर्वी राहायचो, इथे "स". "धिस नाइफ इज यूझ्ड टू कट ग्रेप्स" म्हणजे यासाठी वापरतात, इथे "झ", झाडातला. सवय आहे या अर्थाचं "आय अॅम यूस्टू इट" पण "स"वालंच. लिहिताना एक खड्डा आहे, "डिडन्ट" आलं की पुढे शेवटचा डी लिहायचा नाही.

"हॅव टू"चं पण असंच, करावं लागेल या अर्थी ते "हॅफ्टू" होतं, "व"चा "फ" होतो.

१०. लूझ की लूस? बाजारात तर सगळे "लूज"च म्हणतात.

शेवटी एकच ओ असलेला लूझ, झाडातल्या "झ"चा, म्हणजे हरणं किंवा हरवणं. दोन ओ असलेला लूस, "स"चा, म्हणजे सैल, सुटं. सुटं तेल, सुटे कपडे, आणि पोट बिघडल्यावर आपण जे म्हणतो ते, सगळं "लूस"वालं. मराठी माणसाला खरं तर हे सोपं पडायला हवं, जागेतला "ज" आणि जिरेतला "ज" आपण न शिकता वेगळा करतो, म्हणजे कान तयार आहेत, फक्त बाजारातला एकच "लूज" डोक्यातून काढायचा. चॅटमध्ये कोणी चिडून लूझर लिहायला गेलं आणि दोन ओ पडले तर अर्थ होतो "जास्त सैल", मग भांडण राहतं बाजूला.

११. "कुड ऑफ", "शुड ऑफ" बरोबर आहे का? परदेशी लोक पण लिहितात.

लिहितात आणि चुकतात. मूळ आहे कुड हॅव, बोलताना "कुडव्ह", आणि तो "अव्ह" आवाज ओ-एफ या शब्दासारखाच वाजतो म्हणून कानावरून लिहिणारे फसतात. आपण व्याकरणाकडून आलोय, आपल्याला ही चूक करायचं काही कारणच नाही. "कुडा, शुडा, वुडा" ही त्याचीच अजून झिजलेली रूपं, ऐकायला ठेवा.

१२. बिकॉजचं कॉझ, कझ, कोझ काहीही लिहितात. कुठलं बरोबर?

सी-ओ-एस ब्रिटिश सवय, सी-यू-झेड अमेरिकन, सी-ओ-झेड आपल्याकडचं लाडकं. तिन्ही चॅटपुरती. आधी अॅपॉस्ट्रॉफी लावून कॉज लिहितात ते जरा नीटनेटकं दिसतं, आणि अॅपॉस्ट्रॉफी नसेल तर तो वेगळा शब्द, कारण या अर्थाचं नाम, त्याचा उच्चार लांब, "कॉऽझ". बारावीच्या मुलांना सी-ओ-एस दिसला की त्रिकोणमिती आठवते, त्याला इलाज नाही. आणि शेक्सपिअर वाचताना कोझ आला तर तिथे "कारण" लावू नका, तिथे तो कझिन म्हणजे भाऊबंद असतो.

१३. किंडा म्हणजे दयाळू का?

नाही हो. काइंड ऑफचं झिजून "काइंडा", अर्थ "थोडंसं, जरासं, म्हटलं तर". "आय अॅम काइंडा टायर्ड", जरा दमलोय. सॉर्टा म्हणजे सॉर्ट ऑफ, तेच. "काइंडर" म्हणजे जास्त दयाळू हा वेगळा, पण ब्रिटिश माणूस शेवटचा "र" खातो (प्रश्न ५ मधलंच कारण) त्यामुळे दोन्ही सारखे वाजतात. नंतर विशेषण आलं की काइंडा, नंतर "दॅन" आलं की काइंडर. कोणाला आपला पदार्थ आवडला का विचारलं आणि "काइंडा" आलं तर समजून घ्या, फारसा आवडलेला नाही. होमस्टेवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, मिसळ खाऊन पाहुणा "इट्स काइंडा स्पायसी" म्हणाला म्हणजे त्याच्या डोळ्यातून पाणी येतंय, दही पाठवा.

१४. ऑऽ, आऊ, ऊऽ, ओह. एक्स्प्रेशन चुकीचं जाऊ नये म्हणून काय करायचं?

ऑऽ, ए-डब्ल्यू, हे गोंडस बाळ किंवा कुणाचं वाईट वाटलं तर, आपलं "अगं बाई गंऽ" किंवा "अरेरे". आऊ, ओ-डब्ल्यू, हे लागल्यावर, आपलं "आई गं". उलट झालं तर भलतंच होतं, कोणी बाळाचा फोटो पाठवला आणि तुम्ही ओ-डब्ल्यू लिहिलं तर त्याला कळणारच नाही तुम्हाला काय टोचलं. ऊऽ म्हणजे उत्सुकता, काहीतरी चमचमीत ऐकलं की. ए-डब्ल्यू-ई हा ऑऽसारखाच वाजतो पण तो पूर्ण शब्द आहे, थक्क होण्याची भावना.

१५. फ्यू, प्यू, इयू?

फ्यू, सुरुवातीला पी-एच, सुटलो बुवा. प्यू, वास येतोय. इयू, शी. इमोजी असेल तर कळतंच.

१६. डह् आणि डोह् मध्ये फरक काय?

डह् समोरच्याला, डोह् स्वतःला. डह् म्हणजे "ते तर उघडच आहे, एवढं पण कळत नाही?" आणि तो टोचतो, मोठ्यांना किंवा गिऱ्हाइकाला चुकूनही नाही. डोह् म्हणजे कपाळावर हात, "काय मूर्ख मी". ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत हा २००१ मध्ये ऑनलाइन आवृत्तीत घेतला.

१७. ब्रो आणि ब्रह एकच ना?

स्पेलिंगने चुलत भाऊ, कामाने वेगळे. ब्रो हाक मारायला. ब्रह मात्र आता हाक कमी आणि उसासा जास्त झालाय, समोरच्याने काहीतरी अचाट केलं की नुसतं "ब्रह", पुढे वाक्यच नाही. आपल्याकडे निफाड-मालेगाव बाजूला "काय भो" म्हणतात ती झाली हाक, आणि मित्राने पेट्रोल न टाकता गाडी परत आणून दिली की आपण "अरे भो..." म्हणून गप्प बसतो ना, तो ब्रह. ब्रो पोरींना पण म्हणतात आता, पण ज्यांना आवडत नाही त्यांना नका म्हणू, एवढं साधं आहे ते.

ड्यूड आणि डड यातही गल्लत होते. डड म्हणजे फुसका, न फुटलेला फटाका किंवा न चाललेली वस्तू.

१८. "व्हॉट्सअप" ला काय उत्तर द्यायचं? आणि "यू ऑलराइट?" विचारलं तर? मला बरं नाही असं दिसतं का?

अॅपचं नाव याच शब्दावरची कोटी आहे, २००९ मध्ये अॅप आलं, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. अर्थ "काय चाललंय", आणि उत्तर अपेक्षित असतं "नॉट मच, यू?" एवढंच. नुसतं "सप" पण म्हणतात. "आय अॅम फाइन, थँक यू" हे याचं उत्तर नाही, कारण कसे आहात असं विचारलेलंच नाही.

यू ऑलराइट हे ब्रिटिश. तब्येतीचा प्रश्न नाही, नुसता नमस्कार आहे, सीबीएस बसस्टँडवर ओळखीचा दिसला की आपण "काय, कुठे?" म्हणतो आणि तो पत्ता सांगत बसत नाही, तसं. "येअ, यू?" म्हणा आणि पुढे चला. अमेरिकन माणसाने मात्र हेच काळजीच्या सुरात विचारलं तर खरंच तुम्ही बरे दिसत नसाल.

१९. चिल, चिल्ड, चिली. "आय अॅम चिली" म्हटलं तर लोक हसले.

चिली, शेवटी वाय, म्हणजे गार वाटतंय, आणि "आय अॅम चिली" तसं चूक नाहीये, पण कानाला ते "मी मिरची आहे" सारखंच वाजतं म्हणून हसले असतील. "आय अॅम कोल्ड" म्हणा. चिली जास्त करून हवेला, "इट्स चिली", निफाडचा पारा घसरला की शोभतं. "आय अॅम चिलिंग" म्हणजे निवांत पडलोय. चिल्ड म्हणजे थंड केलेलं पेय, किंवा माणसाला लावलं तर शांत स्वभावाचा. कोणी "आय अॅम चिल" म्हणालं तर त्याला काही हरकत नाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाला "चिल" म्हणणं म्हणजे आगीत तेल.

२०. गॉश, हेक, डार्न, शूट हे शिव्या आहेत का? मुलगा घरी बोलतो.

शिव्या नाहीत, शिव्यांना टाळण्यासाठी केलेले मवाळ आवाज आहेत. गॉश म्हणजे गॉड म्हणायचं टाळलं, हेक म्हणजे हेल टाळलं, डार्न म्हणजे डॅम टाळलं, शूट म्हणजे त्या विष्ठेच्या शब्दाला सुरुवात करून ऐनवेळी वळण घेतलं. आपण "च्यामारी" म्हणून आईवरचं मूळ वाक्य गिळतोच ना, अगदी तेच काम. मुलगा डार्न म्हणतोय तर राहू द्या, "फ्रीकिंग" म्हणत असेल तर हळूच टोका, कारण त्याचं मूळ जास्त कडक आहे आणि म्हाताऱ्या माणसांना ते कळतं.

याच्याच बाजूला उच्चाराची भीती असते, "शीट" आणि "बीच" मधली "ई" आखूड झाली की भलता शब्द होतो. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मार्क जातात, इथे मिटिंग जाते. एक्सेल शीट म्हणताना "ई" जरा ताणा.

२१. पाहुणे "ता" म्हणतात, ते टाटाच का?

ता म्हणजे थँक्स, ब्रिटनमध्ये, विशेषतः उत्तरेकडे. टाटा म्हणजे बाय, तोही मूळ इंग्रजीतला लहान मुलांशी बोलायचा शब्द, आपल्याकडे इतका रुळला की बाळाला पहिला तोच शिकवतात. चहाचा कप दिला आणि ता ऐकू आलं तर माणूस निघालेला नाही, आभार मानतोय. "चिअर्स" पण तसंच, हातात ग्लास नसताना म्हटलं तर थँक्स.

२२. अ लॉट, अलॉट, डबल एल?

भरपूर असेल तर दोन शब्द, मधे जागा. एक शब्द आणि डबल एल म्हणजे वाटप करून देणं, सिडकोच्या किंवा म्हाडाच्या कागदावर असतो तो. एक शब्द आणि एक एल असं काही नाहीच.

२३. टिल, अन्टिल आणि अॅपॉस्ट्रॉफीवालं टिल. टिल हा शॉर्टफॉर्म आहे ना?

उलट आहे. टी-आय-डबल एल हा स्वतंत्र आणि अन्टिलपेक्षा जुना शब्द आहे, बिनधास्त ईमेलमध्ये वापरा. अॅपॉस्ट्रॉफी लावून एक एल करतात ते नंतर लोकांनी शॉर्टफॉर्म समजून बनवलंय. दुकानातला गल्ला पण टिलच.

२४. ओके, के, केके. मॅनेजर नुसतं "के" पाठवतो, रागावलाय का?

एकटा के थंड वाटतो हे खरं, तरुण मंडळी तर त्याला भांडणाची सुरुवात समजतात, पण पन्नाशीच्या मॅनेजरचा के म्हणजे फक्त के, त्याला टाइप करायचा कंटाळा आहे. केके त्यामानाने गोड. ओके स्वतःच एक थट्टा होती, १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने "ऑल करेक्ट" मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरं छापली, आणि १८४० च्या अमेरिकन निवडणुकीत ती घोषणेत आली नि टिकलीच.

२५. आयईएलटीएसमध्ये (परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) किंवा ऑफिसच्या मेलमध्ये यातलं काय चालेल?

स्पीकिंगमध्ये गॉना, वॉना, येअ सहज आले तर कोणी मार्क कापत नाही, ओढूनताणून घातले तर कृत्रिम वाटतात. रायटिंगमध्ये नाही. त्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारातलं पत्र मित्राला असेल तरी "आय अॅम"चं "आयम" इतकंच, गॉना नको. मेलमध्ये समोरचा जितका सैल होईल तितकंच आपण, त्याच्याआधी नाही.

२६. "येअ, नो" असं एकत्र म्हणतात तेव्हा उत्तर काय धरायचं? आणि "डू यू माइंड" ला येअ म्हणायचं की नो?

"येअ, नो" मध्ये शेवटचा शब्द धरा, म्हणजे नाही. येअ फक्त "तुमचं ऐकलं" आहे. "नो, येअ" म्हणजे हो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाले "येअ, ना" म्हणतात तेही नाहीच, जरा लाजत दिलेलं.

"डू यू माइंड इफ आय सिट हिअर" म्हणजे मी बसलो तर तुमची हरकत आहे का, म्हणजे हिशोबाने "नो" म्हटलं पाहिजे, बसा. पण खरी माणसं "येअ, शुअर" पण म्हणतात आणि बसू देतात. आपण "नो, गो अहेड" म्हणावं, त्यात "गो अहेड" महत्त्वाचं, नुसता नो नको.

आणि ज्यावर आपण खरे अडकतो ते नकारार्थी प्रश्न. "यू डोन्ट हॅव ब्लॅक ग्रेप्स?" मराठीत आपण म्हणतो "हो, नाहीयेत", म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजीत तिथे "नो, वी डोन्ट" लागतं, कारण ते प्रश्नाला नाही तर वस्तुस्थितीला उत्तर देतात. तुम्ही येअ म्हणालात की तो समजतो माल आहे आणि थेट भाव विचारतो. म्हणून इथे येअ, यप, अह-हं काहीच नको, सरळ "वी डोन्ट हॅव ब्लॅक, वी हॅव थॉमसन" असं सांगून मोकळं व्हा.